वरचं झाकण कुठलं?

बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात एका सात-आठ वर्षांच्या पोराने विचारलेला प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. रविवारची सकाळ, खाली ओला चिखल, वर माश्या, बर्फाचं पाणी चपलांत शिरतंय. आई तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, वाट्याचा भाव पाडून घेण्यात गुंतलेली. पोराने ढिगातली एक तिसरी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि विक्रेत्या मावशीला विचारलं, "मावशी, ह्याचं वरचं झाकण कुठलं?" मावशी हात न थांबवता म्हणाली, "वरचं काय आन् खालचं काय, बाळा? कालवणात पडलं की सगळं एकच की." आई हसली, आजूबाजूची दोन गिऱ्हाइकं हसली. पोरगं हसलं नाही. त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

खरं म्हणजे मावशी अगदी बरोबर बोलली होती, फक्त तिने कारण सांगितलं नाही. तिसरीला वर-खाली नसतं, डावं-उजवं असतं. दोन शिंपा जिथे जोडलेल्या असतात ती बिजागरी म्हणजे त्या जिवाची पाठ. एक शिंप त्याच्या डाव्या अंगाला, दुसरी उजव्या अंगाला. म्हणून दोन्ही शिंपा आरशातल्यासारख्या जुळतात, पण एकच शिंप हातात घेऊन तिच्या मधोमध रेघ ओढली तर दोन अर्धे सारखे येत नाहीत, टोक एका बाजूला कललेलं असतं. बिजागरीजवळ एक तपकिरी चिवट पट्टी असते. ती सतत शिंपा उघडायला बघते आणि आतले स्नायू ओढून त्या मिटून धरतात. तिसऱ्या उकळत्या पाण्यात पडल्या की स्नायू सुटतात, पट्टीचा जोर उरतो आणि शिंपा आपोआप उघडतात. स्वयंपाक करणारीला हे पुस्तकाविना ठाऊक असतं. विळीवर फोडतानाही सुरुवात बिजागरीकडून करायची नसते, समोरून पातं सारायचं आणि स्नायू कापायचा, हेही तिला कुणी शिकवावं लागत नाही. कालवासारखे काही अपवाद आहेत, ते डाव्या शिंपेने खडकाला चिकटतात आणि उजवी शिंप नुसतं झाकण होऊन बसते. पण तिथेही मूळ हिशोब डाव्या-उजव्याचाच.

पोराचा प्रश्न बरोबर होता, जनावर चुकलं होतं.

ज्याला खरोखर वरचं आणि खालचं झाकण असतं, असं दोन झाकणांचं जनावर समुद्रात आहे. त्याचं कालवा-तिसऱ्यांशी जवळचं नातं नाही. त्याला ब्रॅकिओपॉड म्हणतात, मराठी पुस्तकांत बाहुपाद. याची एक शिंप पाठीकडची, दुसरी पोटाकडची. ओळखायची रीत सोपी आहे. एकच शिंप घ्या, टोकापासून समोरच्या कडेपर्यंत मधोमध रेघ ओढा. दोन्ही अर्धे तंतोतंत जुळले तर ते ब्रॅकिओपॉड असण्याची शक्यता मोठी. मग दोन्ही शिंपा एकमेकींशी ताडून बघा. एक मोठी, एक लहान निघेल, आणि पुष्कळांत मोठीच्या चोचीपाशी बारीक भोक दिसेल, देठ बाहेर पडायला. यात फसायला होतं ते दोन ठिकाणी. जीवाश्म दगडात दाबला जाऊन वाकडा झालेला असला तर सारखेपणा मोडतो आणि ब्रॅकिओपॉड उगाच तिसऱ्यांत जमा होतो. उलट स्कॅलपसारखी काही शिंपली एका शिंपेत जवळजवळ सारखी दिसतात, तिथे टोकाशेजारचे दोन कान बघावे लागतात, ते सहसा लहान-मोठे असतात. आणखी एक खूण आहे. बिजागरीचे ब्रॅकिओपॉड मेले तरी उघडत नाहीत, कारण त्यांच्याकडे ती उघडणारी पट्टीच नाही. उघडायलाही स्नायू आणि मिटायलाही स्नायू. म्हणून जीवाश्मांत ते दोन्ही झाकणं मिटलेले, अख्खे सापडतात, आणि तिसऱ्यांच्या जातीचे बहुधा सुटे.

वर-खाली ठरवलं म्हणून काम संपत नाही. देठाने खडकाला चिकटलेले बरेच ब्रॅकिओपॉड जगतात ते पोटाकडची शिंप वर करून. म्हणजे ज्याला आपण खालचं झाकण म्हणायचं ते समुद्रात वरच्या बाजूला. त्याहून पुढची गंमत १९९१ सालची. डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस निल्सन यांनी खडकाला चिकटून राहणाऱ्या, बिनदेठाच्या एका जातीच्या अळ्या वाढताना पाहिल्या. स्थिरावण्याच्या वेळी अळी पोटाकडे वाकून दुमडते, असं त्यांना दिसलं. त्यावरून पुढे असा तर्क निघाला की ब्रॅकिओपॉडची दोन्ही झाकणं मुळात पाठीचीच. मधे कुठेतरी पूर्वज दुमडला आणि पाठीचा मागचा भाग पोटाखाली आला. हे खरं असेल तर दोन्ही झाकणं वरचीच ठरतात. नंतरच्या काही निरीक्षणांत तसं दुमडणं आढळलं नाही आणि वाद तसाच पडून आहे. तिसऱ्यांच्या ढिगापुढे हसण्यावारी गेलेला प्रश्न प्राणिशास्त्रात असा अजून चालू आहे.

या सगळ्या गणगोतात सर्वांत चिवट घराणं लिंग्युलाचं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या कुणालाही विचारा, प्रयोगशाळेतली ती काचेची बरणी डोळ्यांसमोर येईल. फॉर्मॅलिनमध्ये उभी, जिभेच्या आकाराची दोन पातळ झाकणं आणि खाली लोंबणारा लांब फिकट देठ. परीक्षेत स्पॉटिंगला ती हमखास. उत्तर पाठ: संघ ब्रॅकिओपोडा, बिजागरी नाही, गुदद्वार आहे, जिवंत जीवाश्म. दोन गुण. बरणीतल्या लिंग्युलाचा रंग गेलेला असतो, त्यामुळे विद्यार्थ्याच्या डोक्यात ती कायम पिवळट, मेलेली अशीच राहते. प्रत्यक्षात ताजी लिंग्युला हिरवट असते, काहींत तपकिरी झाक, आणि तिला चकाकी असते. नखाने दाबलं तर कडा किंचित वाकते. तिसरीची शिंप अशी कधी वाकणार नाही.

जिवंत लिंग्युला बघायची तर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली बारीक, गाळमिश्रित वाळू हवी. आपल्या देशात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर, जिथे ओहोटीला समुद्र मैल-मैल मागे सरतो, तिथे ती आहे. वाळूवर दिसते ती फक्त एक आडवी फट, जेमतेम सेंटिमीटरभर. नीट वाकून पाहिलं तर फटीचे तीन भाग दिसतात. झाकणांच्या पुढच्या कडेला राठ केसांची रांग असते. ते केस एकमेकांना टेकून तीन नळकांडी बनवतात. दोन कडेच्या नळकांड्यांतून पाणी आत जातं, मधल्यातून बाहेर पडतं. आत केसाळ भुजांची दोन वेटोळी असतात, त्यांवरच्या सूक्ष्म लोमांच्या हालचालीने पाणी ओढलं जातं आणि त्यातले कण तोंडाकडे सरकतात. केसांचं आणखी एक काम म्हणजे जाड वाळू आत येऊ न देणं. पाण्यात फार गाळ असला की तीच रांग तुंबते, मग झाकणं फटकन मिटून आतलं पाणी बाहेर उडवलं जातं आणि पुन्हा सुरुवात होते.

बीळ सरळ उभं असतं. वरचा मोठा भाग झाकणांच्या मापाचा, चपटा. खालचा भाग देठापुरता, गोल. तीन-चार सेंटिमीटरच्या लिंग्युलाचं बीळ २५-३० सेंटिमीटरपर्यंत खोल जातं. देठाच्या टोकाला चिकट स्राव असतो, त्यात वाळूचे कण, शंखांचे तुकडे अडकून एक गोळा होतो, तोच तिचा नांगर. पावलाची धमक बसली की देठ आखडतो आणि झाकणं क्षणात खाली ओढली जातात. वर फट बुजून जाते. सगळ्यांत नवल वाटतं ते बीळ खणण्याच्या तऱ्हेचं. देठाने खणत असेल असं कुणालाही वाटेल, तसं नाही. वाळूवर काढून ठेवलेली लिंग्युला देठाचा टेकू घेऊन तोंडाकडची कडा वाळूत खुपसते. मग झाकणं एकमेकांवर कात्रीसारखी डावी-उजवीकडे सरकवते, किंचित उघडते, मिटते, आणि केसांनी वाळू मागे लोटते. बिजागरी नसल्यामुळेच हे सरकवणं जमतं. बिजागरीच्या जनावराला झाकणं फक्त उघडता-मिटता येतात. डोकं खाली करून काही अंतर गेली की ती वळण घेते आणि इंग्रजी यू अक्षराची वाट काढत पुन्हा वर येते. तोंड वर, देठ खाली अशी बैठक जमली की मग आयुष्यभर तिथेच.

तिला बाहेर काढताना नवखा माणूस हमखास एक चूक करतो. फट दिसली की तिथेच वरून फावडं मारतो. त्याने झाकणं चिरतात नाहीतर देठ तुटून खाली राहतो. रीत अशी की फटीपासून वीतभर लांब, बिळाच्या खोलीपेक्षा जास्त खोल असा खड्डा आधी करायचा, आणि मग बाजूने वाळूचा उभा ठोकळा सावकाश ढासळवायचा. हाताला देठ लागला तरी ओढायचा नाही, ओढला की तुटतोच. तुटका देठ पुन्हा वाढू शकतो, पण त्याला जमिनीत सुरक्षित वेळ मिळाला तर. उघड्यावर पडलेली लिंग्युला खेकड्यांना आणि पाणपक्ष्यांना पुरेशी असते. टाकीत ठेवायची म्हटली तर बारीक वाळूचा थर फूटभर तरी लागतो. चार बोटं वाळू घातलेल्या टाकीत ती आडवी पडून राहते आणि काही दिवसांत मरते, आणि मग लोक म्हणतात पाणी खराब होतं.

खरं तर खराब पाणी तिला बरंच चालतं. तिच्या शरीरद्रवात हिमएरिथ्रिन नावाचं लोहयुक्त प्रथिन असतं, प्राणवायू मिळाला की जांभळट-गुलाबी होणारं. चिखलात प्राणवायू कमी झाला तरी ती बीळ बुजवून तग धरते. गोड्या पाण्याचा लोंढा आला तरी थोडा काळ निभावते, फार दिवस मात्र नाही. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळाच्या शेवटी समुद्रातली बहुतेक जीवसृष्टी संपली. तोवर समुद्रतळावर ब्रॅकिओपॉडांचं राज्य होतं. त्यानंतर ते कधीच त्या संख्येने परत आले नाहीत. आज जिवंत जाती सुमारे ४००, आणि जीवाश्मांतून वर्णन झालेल्या १२,०००हून जास्त. पण त्या संहारानंतर लगेचच्या थरांत, जिथे बाकी जवळजवळ काही सापडत नाही, तिथे लिंग्युलाच्या कुळातली झाकणं ढिगाने सापडतात. मोकळ्या पडलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात राहायची तयारी असलेले थोडेच होते.

या झाकणांचं द्रव्यही इतरांपासून वेगळं. तिसरीची शिंप चुन्याची, कॅल्शियम कार्बोनेटची. लिंग्युलाची झाकणं कॅल्शियम फॉस्फेट आणि कायटिन यांच्या पातळ पापुद्र्यांची, म्हणजे खनिज आपल्या हाडा-दातांतलं आणि चिवट भाग किड्यांच्या कवचातला. त्यामुळे ती वाकतात, आणि त्यामुळेच मेल्यावर टिकत नाहीत. पापुद्र्यांमधलं सेंद्रिय द्रव्य कुजलं की झाकण भुसभुशीत होतं आणि लाटेच्या हालचालीने काही आठवड्यांत त्याचा भुगा होतो. म्हणून दगडात अख्खी लिंग्युला सापडली की एक गोष्ट पक्की समजावी: ती सावकाश मरून पडलेली नाही, एखाद्या वादळात किंवा पुरात एकाएकी गाळाखाली गाडली गेली. उभी, बिळातल्या बैठकीत सापडली तर ती जागच्या जागी गेली. आडवी, सुटी झाकणं सापडली तर वाहत आलेली. त्यातही बारकावा आहे. प्रवाहात सुटी झाकणं पाठ वर करून स्थिरावतात, कारण वाटीसारखं पडलेलं झाकण पाणी उलटून टाकतं. संथ पाण्यात खाली उतरलेली मात्र वाटीसारखी, पोकळ बाजू वर करून पडतात. थरातली बहुसंख्य झाकणं कशी पडली आहेत हे मोजलं की त्या दिवशी पाणी वाहत होतं की थांबलं होतं ते कळतं.

हे सगळं वाचून बेळगावचा माणूस स्वाभाविकपणे विचारतो, आपल्याकडे मिळेल का? गोकाकला धबधबा बघायला गेलेल्यांनी तिथला दगड पाहिलेला असतो, पण बघितलेला नसतो. घटप्रभा १७१ फूट खाली कोसळते ती ज्या कड्यावरून, तो वालुकाश्माचा. पावसाळ्यात तांबडं पाणी, कानठळ्या, तुषारांनी भिजलेले चष्मे, झुलत्या पुलावर सेल्फी. उन्हाळ्यात जावं. पाणी आटतं, थर उघडे पडतात, पायाखालचा दगड इतका तापतो की बसवत नाही. त्या थरांच्या काही पाट्यांवर लाटांच्या सुरकुत्या आहेत, ओहोटीनंतर किनाऱ्यावर राहतात तशाच. हात फिरवला तर कंगोरे लागतात. बदामीपासून सौंदत्तीच्या डोंगरापर्यंत, यल्लम्माला जाणाऱ्या वाटांवरही, हाच वालुकाश्म निरनिराळ्या रंगांत भेटतो. भूगर्भशास्त्रज्ञ या सगळ्याला कलादगी खोऱ्यातले खडक म्हणतात. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हा मुलूख पायी-घोड्यावर पालथा घातला आणि १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भाचा वृत्तांत सरकारी खात्यातर्फे छापला. आजही इथल्या खडकांवर काम करणाऱ्याला तो उघडावा लागतो.

या सुरकुत्या बघताना भूगर्भशास्त्रज्ञाच्या मनात पहिला प्रश्न कुठला येतो, तर वरची बाजू कुठली? थर कधी उलटलेले असतात, पाट्या कुणी काढून पायऱ्यांना बसवलेल्या असतात. उत्तर कंगोऱ्यांत असतं. पुढे-मागे हलणाऱ्या लाटांनी केलेल्या सुरकुत्यांचा माथा टोकदार आणि मधली खोलगट गोलाकार असते. टोकं वर आली तर पाटी सुलटी, गोलाई वर आली तर उलटी. वाळलेल्या चिखलाच्या भेगा असतील तर त्या वर रुंद आणि खाली निमुळत्या. एका दिशेने वाहणाऱ्या पाण्याच्या सुरकुत्यांचा एक उतार सावकाश आणि एक खडा असतो, खडा उतार पाणी जात होतं तिकडे. सुरकुत्या झिजलेल्या असल्या की माथाही गोल होतो आणि अंदाज चुकतो. तेव्हा एकाच पाटीवर विसंबून न राहता शेजारच्या दोन-चार तरी बघाव्यात.

उथळ समुद्र, बारीक वाळू, भरती-ओहोटी, लिंग्युलाला हवं ते सगळं त्या वाळूत होतं. घर बांधून, सारवून तयार होतं, बिऱ्हाडकरू मात्र जन्मालाच यायचा होता. कलादगीचे जुने थर १०० कोटी वर्षांहून जुने, वरचे त्याहून तरुण, पण तेही प्राण्यांच्या आधीचे. लोकापूरच्या आसपासच्या चुनखडीत जिवाची खूण आहे ती सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या स्ट्रोमॅटोलाइटांची, कोबीच्या आडव्या कापासारख्या वेटोळ्यांची. शिंपला नाही, किडा नाही, बीळ नाही. आणि याच वालुकाश्मावर, गोकाकच्या उत्तरेला आणि पश्चिमेला, बहुतेक ठिकाणी थेट काळा कातळ बसलेला आहे, दख्खनचा लाव्हा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जिथे दोन्ही खडक एकमेकांवर दिसतात तिथे एक बोट खालच्यावर आणि दुसरं वरच्यावर ठेवता येतं. दोन बोटांमधला काळ ५० कोटी वर्षांहून मोठा. लिंग्युलाचे पूर्वज सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी, कॅम्ब्रियन काळात दिसू लागले. तेव्हापासून डायनासोर संपेपर्यंतचा त्यांचा सगळा इतिहास त्या दोन बोटांमधल्या फटीत आहे, आणि फटीत काहीही नाही. इथे त्या काळात समुद्र नव्हताच की होता आणि त्याचे थर पुढे धुपून गेले, हे नुसत्या फटीकडे बघून सांगता येत नाही. बेळगाव जिल्ह्याने जीवाश्म दिला तोही वेगळ्याच टोकाचा. फूट यांनाच गोकाकजवळच्या नदीच्या गाळात गेंड्याचे अवशेष मिळाले आणि १८७४ साली त्यांनी त्याला ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस असं नाव दिलं. भूगर्भाच्या हिशोबात तो कालपरवाचा.

घरात शहाबादी फरशी असलेल्यांची आशाही इथेच मोडावी लागते. ती चुनखडी समुद्राच्या तळाचा गाळच आहे, पण तीही शिंपल्यांच्या आधीची. तिच्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो आणि बाथरूमचं अ‍ॅसिड पडलं की फसफसते. गोकाकचा वालुकाश्म आणि काळा कातळ सहसा फसफसत नाहीत. ही फसफस जीवाश्म शोधणाऱ्याच्या फार कामाची. चुन्याची शिंप सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफसते, लिंग्युलाची फॉस्फेटची झाकणं फसफसत नाहीत. याच फरकावर त्यांना दगडातून सोडवण्याची रीत उभी आहे. ज्या चुनखडीत अशी झाकणं आहेत तिचे मुठीएवढे तुकडे करायचे, प्लास्टिकच्या बादलीत जाळीवर ठेवायचे आणि १० टक्क्यांच्या आसपासचं अ‍ॅसिटिक आम्ल ओतायचं. घरचा व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचा असतो, त्याने होतं पण आठवडे लागतात. चुना विरघळतो, झाकणं तळाशी उतरतात. दर काही दिवसांनी गाळ बारीक चाळणीतून धुवायचा आणि आम्ल बदलायचं. बिघडतं ते घाईत. आम्ल जास्त तीव्र केलं, किंवा ताज्या आम्लात विरघळलेला चुना अजून फारसा नसला, की ते फॉस्फेटलाही खातं आणि झाकणांची नक्षी पुसली जाते. म्हणून अनुभवी माणूस आधी वापरलेलं, चुना मुरलेलं थोडं आम्ल नव्या घाण्यात मिसळतो. डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाली चुनखडी, असेल तर अ‍ॅसिटिक आम्ल जवळजवळ हलत नाही, तिथे फॉर्मिक आम्ल लागतं, आणि त्याची वाफ नाका-डोळ्यांना सोसत नाही. उघड्या गच्चीवर, हातमोजे घालूनच ते काम.

आता बरणीतल्या लिंग्युलाच्या "जिवंत जीवाश्म" या बिरुदाकडे. लिंग्युला बदललीच नाही हे वाक्य जुनं आहे. डार्विनने १८५९ साली लिहिलं की सिल्युरियन काळातली लिंग्युला आजच्या जातींपेक्षा फारशी वेगळी नाही. त्याच्या हातात होती ती झाकणांची बाह्यरेषा. बाह्यरेषा खरोखरच सारखी आहे, कारण उभ्या बिळात सरकायचं तर चपटा, लांबट, गुळगुळीत आकारच सोयीचा. पण झाकणाच्या आतल्या बाजूला स्नायूंचे ठसे असतात, प्रावाराच्या, म्हणजे झाकणाला आतून लागलेल्या पातळ आवरणाच्या, नाळांच्या खुणा असतात, देठ बाहेर पडायची वाट असते. चीनमधल्या चेंगज्यांगच्या, सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत देठासकट टिकलेले नमुने आहेत, आणि त्यांतल्या एका वंशात देठ दोन झाकणांच्या मधून न येता पोटाकडच्या झाकणातल्या बंद भोकातून येतो. ज्युरासिकमधले नमुने लिंग्युला म्हणून नोंदले जात. आतले ठसे तपासल्यावर त्यांना वेगळा वंश, लिंग्युलारिया, द्यावा लागला. फ्रेंच अभ्यासक ख्रिस्तियन एमिग यांनी २००३ साली सरळ मांडलं की लिंग्युला जिवंत जीवाश्म नाही. या कुळाचे आज उरलेले वंश दोनच. हिंदी आणि पश्चिम पॅसिफिक महासागरांकडे लिंग्युला, अमेरिकेच्या किनाऱ्यांवर ग्लॉटिडिया. बाहेरून कुणी फरक सांगू शकणार नाही. झाकण उघडलं की ग्लॉटिडियाच्या आत उभे कंगोरे दिसतात, लिंग्युलात नसतात. २०१५ साली जपानच्या ओकिनावातल्या चमूने लिंग्युला अनाटिनाचा संपूर्ण जनुकसंच वाचला, सुमारे ३४,००० जनुकं निघाली. कवच घडवणाऱ्या जनुकांच्या घराण्यांत भर पडत गेलेली दिसली, आणि आपली हाडं घडवणारी खास जनुकं तिच्यात नाहीत हेही. खनिज आपल्या हाडांतलं, पण वाट तिची स्वतःची. परीक्षेत मात्र "जिवंत जीवाश्म" लिहिलं नाही तर गुण कापतात.

लिंग्युलापायी माणसं कुठल्या कुठे जातात त्याचा नमुना म्हणजे अमेरिकेचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स. ब्रॅकिओपॉड हे शंख-शिंपल्यांचे नव्हे तर कृमींचे नातलग, असं ते १८७०च्या सुमाराला मांडत होते. शिंपले म्हणून जमा केलेल्यांना त्यांनी त्या जमातीबाहेर काढलं ते योग्यच होतं, कृमींत घातलं ते पुढे टिकलं नाही. त्यांना जिवंत ब्रॅकिओपॉड भरपूर हवे होते, म्हणून १८७७ साली ते जपानला गेले. योकोहामाहून तोक्योला जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना रुळाच्या कापात शिंपल्यांचा पांढरा थर दिसला. शिंपल्यांची सवय असलेल्या डोळ्याला तो समुद्राने टाकलेला नाही, माणसांनी खाऊन टाकलेला आहे, हे कळलं. ओमोरीच्या त्या उकिरड्याच्या उत्खननातून जपानमधलं आधुनिक पुरातत्त्व सुरू झालं. त्याच देशात आरिआके खाडीकाठी लिंग्युला आजही आवडीने शिजवून खातात.

हाताने ब्रॅकिओपॉड जीवाश्म उचलायचाच असेल तर सीमाभागाबाहेर प्रवास करावा लागतो. कच्छच्या ज्युरासिक थरांत ते आहेत, तमिळनाडूत अरियलूरच्या क्रेटेशियस थरांत आहेत. नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघच्या थरांतल्या सुरकुतलेल्या कडांच्या जातींवर जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३८ साली काम केलं, आणि माळव्याच्या नावाने माल्विरिंकिया हा वंश त्यांनीच स्थापला. हे सगळे बिजागरीवाले, चुन्याचे. आम्लाची बादली इथे चालणार नाही, जीवाश्मच विरघळेल. इथे सुई, मऊ ब्रश आणि चिकाटी. पावसाने थर धुतल्यानंतरचे आठवडे चांगले, कारण मातीतून सुटलेले नमुने पृष्ठावरच पडलेले असतात आणि खणावं लागत नाही. थरातला नमुना सोडवायच्या आधी त्यावर वर दाखवणारा बाण काढायचा, जागेचा फोटो पट्टीसकट घ्यायचा. प्रत्येक नमुना वेगळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळायचा, कारण एकमेकांवर घासले की चोचीची टोकं तुटतात आणि चोच गेली की जात ओळखता येत नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची. शाई घामाने आणि दवाने पसरते, आणि गाव, थर, तारीख नसलेला जीवाश्म कपाटात नुसता दगड होऊन पडतो.